कांबळे बेलिफांची फेड

कांबळे बेलिफ आमच्याकडून नेलेली वाटीभर साखर परत करायला आले, तरी फाटकाच्या आत पाऊल टाकत नसत. बाहेरच उभे राहून, चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "मॅडम, साखर आणलीय. कशी देऊ ते सांगा!"

हे पहिल्यांदा झालं तेव्हा माझे हात कणकेत होते. मी आतूनच म्हणाले, "ठेवा हो तिथे कट्ट्यावर." पाच मिनिटांनी बाहेर येऊन बघते, तर कट्ट्याच्या फरशीवर साखरेचा छोटा ढीग, आणि भिंतीच्या फटीतून त्याच्याकडे निघालेली मुंग्यांची रांग. मी तशीच शेजारी गेले.

"कांबळे, हे काय हो?"

"कट्ट्यावर म्हटलासा."

"म्हणून फरशीवर ओतायची?"

"वाटी आमची हुती, मॅडम. वाटीसकट म्हटला न्हाईसा." चेहऱ्यावर ना खोडकरपणा, ना पश्चात्ताप. "सांगितल्याप्रमाणं दिलं. आता मी सुटलो."

त्यांच्या पत्नी, सुमनताई, हसू दाबत आतून आल्या आणि माझ्या हातात दुसरी साखर ठेवली, वाटीसकट. "ह्यास्नी सांगताना भांड्याचं नावबी सांगायचं असतंय, मॅडम. मी पंचवीस वर्षं शिकालोय."

तुम्ही दोघं नातवंडं सुट्टीत आलात की माझ्या डब्यांवरची लेबलं वाचून हसता. आतली डाळ दिसत असताना वर 'तूरडाळ' कशाला लिहायचं, असं तुमचं म्हणणं. तर त्या लेबलंवाल्या आजीलाही ज्यांनी शिस्तीत हरवलं, त्या शेजाऱ्यांबद्दल आज लिहिते आहे. आणि इरा, तू मागे फोनवर विचारलं होतंस, की तुझा जन्म झाला तेव्हा मी तिकडे का आले नाही. त्याचं उत्तरही यातच आहे.

तेव्हा कसबा बावड्याच्या कडेची आमची कॉलनी नवी होती. समोर ऊस, पलीकडे साखर कारखाना. गाळप सुरू झालं की दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर काळी काजळी येऊन बसायची. मी शाळेतून इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, कांबळे दिवाणी कोर्टातून. बेलिफ म्हणजे कोर्टाचा निरोप घेऊन दारात येणारा माणूस, आणि तो निरोप बहुधा वाईट असतो. समन्स द्यायचं, घेत नसेल तर दाराला डकवायचं, जप्तीचा हुकूम असेल तर सामान उचलायचं. उंच, सडपातळ, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं, बारा महिने काखेत छत्री. खिशात एक पेन आणि घडी घातलेला कोरा कागद. "कुणी काय बोलंल, लगेच लिहून घेतलेलं बरं असतंय," असं त्यांचं म्हणणं.

करार कायद्याचं कलम पन्नास त्यांना तोंडपाठ होतं. मला त्यांनी ते फाटकाबाहेर उभं राहून शिकवलं.

"समजा, मी तुमचं शंभर रुपये देणं लागतो. तुम्ही म्हटलासा, पोस्टानं पाठवा. मी नोट पाकिटात घातली, पत्ता बरोबर लिहिला, पेटीत टाकली. आत पडल्याचा आवाज आला, त्या आवाजाला मी सुटलो. पुढं पाकीट हरवू दे, न्हायतर पोस्टाची गाडी गगनबावड्याच्या घाटात कोसळू दे. नुकसान तुमचं. का? तर रीत तुम्ही सांगितलीसा."

"आणि मी काहीच सांगितलं नसताना तुम्ही आपणहून पोस्टानं पाठवले असते तर?"

"मग माझं मरण," ते म्हणाले. "म्हणून तर विचारतोय की."

ही विचारण्याची सवय त्यांना उगीच लागली नव्हती. नोकरीच्या सुरुवातीला एका शिंप्याकडे ते जप्ती घेऊन गेले होते. शिंप्याने कर्ज फेडलं होतं, पण सावकाराच्या हातात न देता त्याच्या भावाच्या हातात. दुकान तेच, पेढी तीच, भाऊ शेजारी बसलेला. सावकार म्हणाला, भावाला द्यायला मी सांगितलं नव्हतं. भाऊ म्हणाला, मला मिळालेच नाहीत. कोर्टाने शिंप्याला पुन्हा भरायला लावलं. "शिवणाचं मशीन मी स्वतः उचललं, मॅडम. सुईत दोरा तसाच हुता. मागं एका परकराचं कापड लोंबत हुतं. त्यानं एकदा तोंड उघडून विचारलं असतं, 'मालक, कुणाकडं देऊ?' तर मशीन राहिलं असतं."

तेव्हापासून कांबळे तोंड उघडून विचारू लागले, ते थांबलेच नाहीत.

याचा सगळ्यात मोठा फटका बसला तो आमच्या दूधवाल्या म्हादूला. सकाळी कॉलनीच्या कोपऱ्यावर म्हैस उभी करायची आणि समोर धार काढून द्यायची, अशी त्याची पद्धत. एका पहिल्या तारखेला मी आणि सुमनताई तिथे भांडी घेऊन उभ्या होतो. म्हादू उकिडवा बसून, म्हशीच्या कुशीला डोकं टेकून धार काढत होता. कांबळे आले.

"म्हादू, महिन्याचं पैसं. कसं देऊ सांग."

"आता माझं हात मोकळं हायत व्हय, बेलिफसाहेब? बांधा म्हशीच्या गळ्यात!"

"गळ्यातच?"

"गळ्यातच, गळ्यातच! मालकीण तीच हाय!"

सुमनताईंनी कपाळाला हात लावला. "म्हादू, शब्द मागं घे," त्या म्हणाल्या, "अजून वेळ हाय." पण म्हादू आपल्याच विनोदावर खूश होऊन हसत राहिला. कांबळे घरात गेले, नोटा पाकिटात घातल्या, पाकीट सुतळीने म्हशीच्या गळ्यात बांधलं, गाठ ओढून बघितली आणि आम्हा दोघींना म्हणाले, "साक्षीला ऱ्हावा."

म्हादूला वाटलं, आत रद्दी कागद असणार. दुपारी म्हैस नेहमीप्रमाणे पंचगंगेत जाऊन बसली.

संध्याकाळी कांबळ्यांच्या दारात जो आरडाओरडा झाला, तो कारखान्याच्या भोंग्यालाही ऐकू गेला असेल. "आवं, चेष्टा केलती मी!" म्हादू ओरडत होता. "चेष्टा कळंना व्हय तुमास्नी?"

"चेष्टा हाय असं त्या वेळी बोलला न्हाईस. मी दोनदा विचारलं. मॅडमना विचार."

मला मान हलवावी लागली. खरंच दोनदा विचारलं होतं. म्हादूने त्या नोटा घरी तव्यावर वाळवल्या, त्यातली एक जरा जास्तच वाळली. पुढच्या महिन्यापासून तो कांबळे लांबून दिसले की हातातलं काम टाकून उभा राहायचा आणि शाळेतल्या कवितेसारखं म्हणायचा, "माझ्या हातात, कोरड्या नोटा, मोजून!"

या माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे साधं काम नव्हतं, पण सुमनताईंनी त्याची कला केली होती. त्या नवऱ्याला बाजारात धाडायच्या तेव्हा मी मुद्दाम खिडकीशी उभी राहायची. "अर्धा किलो वांगी आणा. काटेरी. देठ हिरवं. दहा रुपायच्या वर न्हाय. तशी न्हाय मिळाली तर काकडीबिकडी आणायची न्हाय, रिकामी पिशवी घिऊन यायचं. आणि वाटंत कुणाला कलम सांगत थांबायचं न्हाय." कांबळे हे सगळं गंभीरपणे ऐकत आणि म्हणत, "ह्यात कुठं फट न्हाय." ही त्यांच्या तोंडची सर्वोच्च स्तुती होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या दोघांचा दिवस अशा देण्याघेण्यात मजेत जायचा.

एका उन्हाळ्यात सुमनताईंच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशनला बारा हजार कमी पडत होते. कांबळे फाटकाशी आले, पण त्या दिवशी आवाज चढला नाही. मी पैसे आणून दिले. त्यांनी खिशातला कोरा कागद काढून तिथेच लिहिला. रक्कम, तारीख, सही. खाली 'परतफेडीची रीत' असं लिहून पुढे लिहिलं, 'धनको सांगतील त्याप्रमाणे.' धनको म्हणजे मी, जिचे पैसे येणे आहेत ती.

"नीट सांगा हां मॅडम," सुमनताई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "न्हायतर जातील म्हशीच्या गळ्यात!" त्या हसतहसत दवाखान्यात गेल्या. ऑपरेशन चांगलं झालं, असं डॉक्टर म्हणाले. पाचव्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

विहारातली माणसं आली, पुण्यानुमोदन झालं, भंतेजींनी चार शब्द सांगितले. आलेल्या प्रत्येकापुढे उभं राहून कांबळे विचारत होते, चहा कसा देऊ, साखर किती घालू. लोक म्हणायचे, अहो कसाही द्या. मग ते तिथेच उभे राहायचे. 'कसाही' म्हणजे कसा, हे सांगणारं घरात आता कोणी नव्हतं.

पुढच्या वर्षी कांबळ्यांच्या पेन्शनची थकबाकी आली आणि ते माझ्या फाटकाशी उभे राहिले. "मॅडम, बारा हजार. कसं देऊ ते सांगा."

मी त्या दिवसाची वाटच बघत होते. इरा, तेव्हा तू पोटात होतीस. तुझे आईबाबा नुकतेच कॅनडाला गेलेले, घरात चार भांडी आणि एक गादी, मदतीला कोणी नाही. मी येईन असं तुझ्या आईला कबूल केलं होतं. बाळंतपणाचा विडाही बांधून ठेवला होता, डिंक, अळीव, सुंठ, सगळं लेबल लावून. स्टेशन रोडवरच्या एका ट्रॅव्हल एजंटने बारा हजार आगाऊ मागितले होते. बाकीचे माझ्याजवळ होते. हे बारा मिळाले की तिकीट.

मुंग्या आणि म्हैस दोन्ही लक्षात होत्या, म्हणून मी तोंडी काही बोललेच नाही. टेबलाशी बसून, पट्टी धरून, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'रुपये बारा हजार फक्त, रोख, सदर एजंटच्या कार्यालयात, सोमवारी अकरा वाजता, माझ्या नावे जमा करून पावती घ्यावी.' खाली एजंटचा पत्ता, माझी सही.

कांबळ्यांनी तो कागद तीनदा वाचला. उन्हाला धरून वाचला. "मॅडम," ते म्हणाले, "ह्यात कुठं फट न्हाय." खरं सांगते, मला इतका आनंद झाला की शाळेत बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

सोमवारी अकरा वाजता त्यांनी पैसे भरले. साडेअकराला पावती माझ्या हातात होती. गुरुवारी मी तिकिटाची चौकशी करायला गेले तर शटर खाली, आणि बाहेर माझ्यासारखीच दहाबारा माणसं. एजंट पसार झाला होता.

मी तडक कांबळ्यांकडे गेले. काय अपेक्षा होती मला, कोण जाणे. ते दारातच उभे होते. त्यांना बातमी कळली होती.

"वाईट झालं, मॅडम."

"आता काय करायचं?"

"तुम्ही पोलिसांत लेखी द्या. तो तुमचा देणेकरी."

"आणि तुम्ही?"

"मी तर सुटलो," ते म्हणाले. पण नेहमीसारखं मोठ्याने नाही. "सोमवार, अकरा वाजता, रोख, तुम्ही सांगितलासा तिथं. पावती हाय."

"कांबळे, माझ्या मुलीचं बाळंतपण आहे हो."

"व्हय," ते म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं, हेच मला सहन होत नव्हतं. चुकीच्या माणसावर रागावणं सोपं असतं. इथे माझं अक्षर, माझी सही, माझी पट्टी. म्हादूने तर सकाळी म्हशीला थोपटत जाहीरच केलं, "मॅडम, मी सांगत हुतो. ह्यो माणूस जनावरालाबी सोडत न्हाय, तुमास्नी काय सोडणार?"

तुझ्या आईकडे पैसे मागवेनात. तिकडे त्यांचंच भागत नव्हतं. मी फोनवर म्हणाले, गुडघे दुखतात, एवढा प्रवास झेपायचा नाही. तुझी आई म्हणाली, "हो का गं." विडा मी पार्सलने पाठवला.

तू जन्मलीस तेव्हा तुझ्या बाबांनी रिसीव्हर तुझ्या तोंडाशी धरला. मिनिटाला किती रुपये पडतात हे मला ठाऊक होतं, आणि तू काही रडायची थांबत नव्हतीस. मीही इकडे तेच करत होते. फोन ठेवला तर खिडकीतून कांबळे दिसले, दोरीवरच्या एकुलत्या एका शर्टावरची काजळी झटकत होते. मी खिडकी लावून घेतली. पुढे कितीतरी आठवडे मी त्यांच्याशी बोलले नाही. ते फाटकाजवळून जाताना 'नमस्कार मॅडम' म्हणत. मी कुंडीतल्या रोपाशी बोलत असे.

मग एक दिवस माझ्या लक्षात आलं, की कांबळे सकाळी आठला डबा, पाण्याची बाटली आणि छत्री घेऊन बाहेर पडतात आणि सातला परततात. शनिवारी कधी जात, कधी नाही. रविवारी घरी. मला वाटलं, कुठे नोकरी धरली असेल. खुलासा म्हादूने केला. त्याची बहीण हातकणंगल्याला दिली होती.

"मॅडम, तुमचा बेलिफ भणीच्या गल्लीत बसतोय रोज."

"बसतोय म्हणजे?"

"त्या पळून गेलेल्या एजंटाची म्हातारी आय ऱ्हातीया तिथं. तिच्या दारात. साडेधाला येतोय, साडेपाचला उठतोय. मधी अर्धा तास डबा. कोर्टाची सुट्टी असली की येत न्हाय."

हे सगळं म्हादूच्या बहिणीने डोळ्यांनी पाहिलेलं. पहिल्या दिवशी म्हातारी दारात आली. "काय पावणं, कुणीकडं?"

"तुमच्या लेकाकडं येणं हाय, मावशी. बारा हजार."

"पोरगं न्हाय हितं. वारंट हाय का तुमच्याकडं?"

"न्हाय. बसायला वॉरंट लागत न्हाय."

"मग आत या, च्या घ्या."

"ड्यूटीवर च्या घेत न्हाय मी, मावशी. पाणी द्या."

चार दिवस म्हातारीने पाणी दिलं. पाचव्या दिवशी म्हणाली, "नुस्तं बसून कंबार मोडंल तुमची," आणि सूप पुढे सरकवलं. तेव्हापासून कांबळे तिचे तांदूळ निवडून देऊ लागले. कसे निवडू, किती निवडू, खडे कुठं टाकू, सगळं विचारून. शेजारणी येऊन विचारायच्या, हे कोण पाहुणे? म्हातारी काय सांगणार? ना ते ओरडत, ना शिव्या देत. रोज साडेपाचला उठून म्हणत, "येतो मावशी. उद्या हायच." दीड महिन्याने म्हातारीने कुठूनतरी लेकाला फोन लावला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली, "मुडद्या, त्या माणसाचं पैसं दे! चांगला माणूस हाय, दारात बसून माझी लाज काढालाय! घरातलं समदं तांदूळ निवडून झालं, आता काय निवडाय देऊ त्याला?"

"पण म्हादू," मी म्हणाले, "ते तर सुटले होते ना? मग कशाला बसतात?"

"ते तुमी त्यांनाच इचारा. म्हशीपासनं मी त्यांना काय इचारत न्हाय."

पुढच्याच रविवारी सकाळी फाटकाशी हाक आली. मी बाहेर गेले. कांबळ्यांच्या हातात कापडी पिशवी होती.

"मॅडम, बारा हजार. त्यानं भावाबरोबर धाडलं, ते त्याच्या आईनं माझ्या हातात दिलं. म्हणजे तुमचं पैसं माझ्याकडं आलं. आता मी परत तुमचा देणेकरी." त्यांनी श्वास घेतला. "कसं देऊ ते सांगा."

इतक्या दिवसांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मानेची हाडं वर आली होती. शर्टाला सगळी बटणं होती, पण एक वेगळ्या रंगाचं होतं.

"आधी एक सांगा," मी म्हणाले. "कायद्याने तुमचा काही संबंध नव्हता. तिथे दीड महिना का बसलात?"

त्यांनी काखेतली छत्री फाटकाला अडकवली.

"सुमनचं ऑपरेशन झाल्यावर चौथा दिवस," ते म्हणाले. "संध्याकाळपासनं अंग भाजत हुतं तिचं. मी म्हटलं, बसतो हितंच बाकावर. ती म्हणाली, कशाला, पाठ धरंल. घरी जावा. सकाळी सात वाजता थर्मासमधनं चहा आणा. आलं घाला, वेलदोडा नगो. बरणी वरच्या फळीवर हाय." त्यांनी पिशवीचे बंद सारखे केले. "ह्यात कुठं फट न्हवती, मॅडम. मी गेलो. सातला पाच कमी असताना वॉर्डाच्या दारात हुतो. आलं घातलंतं. सिस्टर म्हणाली, सव्वासहाला गेल्या."

कारखान्याकडे जाणारी उसाची एक बैलगाडी रस्त्यावरून गेली.

"सांगितल्याप्रमाणंच केलं मी. लई वेळा ते कलम लावून बघितलं. लागू होत न्हाय." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुमचं असं झालं तवा वाटलं... तिथं बसायचं राहिलं, ते हितं तरी बसू."

अशा वेळी काय बोलतात, ते मला कधीच नीट जमलेलं नाही. मी म्हणाले, "थांबा, लिहून देते." आणि आत जाऊन टेबलाशी बसले. तुझ्या बाबांनी एव्हाना तिकिटाचे पैसे साठवत आणले होते. पैशांची निकड उरली नव्हती. पट्टी धरून, सुवाच्य अक्षरात, मी लिहिलं:

'रुपये बारा हजार हे दर रविवारी सकाळी दहा वाजता, रुपये शंभर याप्रमाणे, ऋणकोने स्वतः येऊन, माझ्या जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवर बसून, एक कप चहा घेतल्यानंतर द्यावेत. पोस्टाने, शेजाऱ्याबरोबर, अथवा एकरकमी दिल्यास फेड झाली असे धरले जाणार नाही.'

कांबळ्यांनी वाचलं. परत वाचलं.

"सगळी रक्कम तयार असताना हप्तं, मॅडम? असं कुणी सांगत न्हाय."

"धनको कोण आहे?"

"तुम्ही."

"मग?"

त्यांनी पिशवीतून शंभराची एक नोट मोजून काढली, उरलेले पैसे परत बांधले. आत आले, खुर्चीवर अगदी कडेला बसले. चहा समोर ठेवला तर म्हणाले, "कपाचा उल्लेख हाय. बशीत ओतला तर चालंल?"

"चालेल."

"लेखी द्या."

मी कागदावर तेवढं वाढवून दिलं.

त्यानंतर ते दर रविवारी आले. मी वहीत लिहायची, ते सही करायचे. इरा, मी तुला बघायला आले तेव्हा तू नऊ महिन्यांची होतीस. त्या तीन महिन्यांचे रविवार त्यांनी 'धनको गैरहजर' असा शेरा मारून पुढे ढकलले. वर मला विचारलं, पोरीला दात किती आलेत, आणि आकडा कागदावर उतरवून घेतला. हळूहळू ते खुर्चीत मागे टेकून बसायला लागले. मग सुमनताईंबद्दल बोलायला लागले. मग कधीकधी कलमाचा विषयही निघायचा नाही.

एकशेविसाव्या रविवारी हिशोब पुरा झाला. मी शेवटच्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. त्यांनी सही केली, कप आत नेऊन ठेवला, "बरं मॅडम," म्हणाले आणि गेले.

पुढच्या रविवारी दहा वाजता मी सहज बाहेर बघितलं, तर कांबळे फाटकाशी उभे होते. हाक न मारता. किती वेळ उभे होते, कोण जाणे.

"मॅडम," ते म्हणाले, "हिशोबात कुठं चूक तर न्हाय न्हवं? एकदा बघा की परत."

आयुष्यात माझ्या बेरजेत कधी चूक निघालेली नाही. तरी मी चष्मा लावला, वही उघडली आणि पहिल्या पानापासून बोट फिरवत खाली आले. दोनदा आले. ते दारात उभे राहून माझ्या बोटाकडे बघत होते.

"आहे चूक," मी म्हणाले. "तुमचे अजून बरेच रविवार निघतात."

त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि शंभराची घडी घातलेली नोट बाहेर काढली. ती ते घरूनच घेऊन आले होते.